गादीवरची माती

कराटेत आधी फरशीशी लढावं लागतं, समोरच्या मुलीशी मग. हे मी क्लासला येणाऱ्या प्रत्येक पोरीला पहिल्याच आठवड्यात सांगते. पोरी माना डोलावतात आणि विसरतात. मग एखाद्या स्पर्धेत सपशेल आडव्या झाल्या की त्यांना मॅडम आठवते.

मी क्रांती. कुंडलला मुलींना कराटे शिकवते, त्याला बारा वर्षं झाली. क्लासला स्वतःचं छप्पर नाही, त्यामुळे आमच्या पायांनी सगळे प्रकार पचवलेत. सोमवार ते बुधवार शाळेचा व्हरांडा, म्हणजे शहाबादी फरशी. गुरुवार-शुक्रवार माझ्या वडिलांची तालीम, म्हणजे तांबडी माती. शनिवारी सिमेंटचा कट्टा, तिथं तळव्यांची सालटी निघतात. मॅट तेवढे आमच्याकडं नाहीत. मॅट म्हणजे एकमेकांत अडकणारे ते लाल-निळे रबरी चौकोन. मोठ्या स्पर्धा त्यांच्यावरच होतात. दरवर्षी कुणीतरी पुढारी सत्काराच्या भाषणात मॅट देतो म्हणून जाहीर करतो, टाळ्या पडतात, आणि सोमवारी आम्ही परत व्हरांड्यात.

म्हणून मी पोरींना जमीन ओळखायला शिकवते. नवा मॅट पाय धरून ठेवतो, त्याच्यावर टाच न उचलता वळलं तर गुडघा पिळवटतो. जुना मॅट गुळगुळीत झालेला असतो, तिथं पवित्रा आखूड घ्यायचा आणि वजन दोन्ही पायांवर सारखं ठेवायचं. लाकडी कोर्टावर घामाचा थेंब पडला की तिथं दुसरं पाऊल टाकायचं नाही. मंगल कार्यालयात कार्पेटवर स्पर्धा घेतात, तिथं तळव्यांना चटके बसतात, त्याची आठ दिवस आधीपासून सवय करायची. स्पर्धेला पोचलं की पहिल्यांदा हॉलभर अनवाणी फिरायचं, मग चहा-नाश्ता. इतर कोच मला 'फरशीमॅडम' म्हणतात. म्हणेनात का. एवढं सगळं समजणाऱ्या बाईनं साताऱ्यात जे केलं, ते मला सांगायचंय.

रेश्मा ही माझी सगळ्यात तयार विद्यार्थिनी. वय सतरा, वडील फौजेत, आई ऊस आणि म्हशी बघते. पोरीचा हात विजेसारखा चालतो, पण तिच्या पायांना घाम फार. दोन वर्षांपूर्वी सांगलीत लाकडी कोर्टावर ती एका लढतीत तीनदा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा लोक हसले. तेव्हापासून ती समोरच्या मुलीकडं कमी आणि खाली जास्त बघायला लागली. मी तिला ओलं फडकं, कोरडं फडकं, पाय टेकवायची पद्धत, सगळं शिकवलं. व्हरांड्यात जमायचं. स्पर्धेत गेलं की परत नजर खाली.

यंदा तिचं या वयोगटातलं शेवटचं वर्ष. साताऱ्याच्या विभागीय स्पर्धेत पहिली आली तर ती राज्याला जाणार होती, आणि राज्याचं पदक असलं तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर तिला अर्ज करता येणार होता. रेश्माला दुसरं काही नकोच होतं. कॉलेजचं नाव काढलं की म्हणायची, "मॅडम, मला खाकीच पायजे. दुसऱ्या कशात जीव रमत न्हाई माझा."

आमच्याकडं एक प्रथा आहे. पोरगी स्पर्धेला निघाली की माझे वडील, म्हणजे आबा, तिला आखाड्यातली मूठभर माती पुडीत बांधून देतात. आबांनी पंचवीस वर्षं कुस्ती केली. ही माती साधी नसते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू असं बरंच काही मुरवलेलं असतं. पोरीनं ती कपाळाला लावायची आणि पुडी बॅगेत ठेवायची, एवढंच. बारा वर्षांत ती माती कधी कपाळाच्या खाली उतरली नव्हती.

साताऱ्यातला हॉल चांगला होता, मॅट मात्र जुने. मी सकाळीच फिरून बघितलं. मधले चौकोन इतके झिजलेले की वरची खडबड पार गेलेली. मी रेश्माला म्हटलं, पवित्रा आखूड ठेव. तिनं ठेवला. पहिल्या दोन लढती निघाल्या. उपांत्य फेरीत ती लाथ मारायला गेली आणि टेकलेला पाय सरकला. पडली नाही, पण गुडघा टेकला. एका गुणानं कशीबशी जिंकली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा सांगलीसारखाच पांढरा पडला होता.

"मॅडम, पाय ऱ्हातच न्हाई. फायनलला पडनार मी. लोक हसनार परत."

"कोण हसतंय बघतेच मी. पाय पूस."

"पुसून काय हुतंय? पुसला की परत घाम."

मला तिचा राग आला, मॅटचा आला, आणि बारा वर्षं टाळ्या घेऊन गेलेल्या त्या पुढाऱ्यांचा तर फारच आला. मी तिला दंडाला धरून बाथरूमकडच्या बोळात नेलं, बॅगेतनं आबांची पुडी काढली आणि तिला म्हटलं, "पाय वर कर." तालमीत आम्ही तेच करतो. घामट तळव्याला माती चोळली की पाय घट्ट बसतो. रेश्मा माझ्याकडं बघत राहिली.

"मॅडम, चालतं का हे?"

"चालतंय. गप पाय दे."

चालत नाही. तळव्याला काहीही लावायचं नाही, असा नियम आहे, आणि पंचांच्या परीक्षेत मी तो स्वतःच्या हातानं लिहिलाय. तरी मी दोन्ही तळवे चोळले, वरची माती झटकली, आणि तिच्या पाठीवर थाप मारली. मला अजिबात वाईट वाटलं नाही. उलट आपण वेळेला डोकं चालवलं असं वाटलं.

फायनलला समोर अंकिता होती, कोयनानगरची. उंच, शांत पोरगी. तिला तिचे वडीलच शिकवतात. उदयसिंह त्यांचं नाव, धरणावर नोकरीला आहेत. आमच्यासारखंच त्यांचंही. मॅट नाही, कॉलनीतल्या हॉलच्या कोब्यावर सराव. मला ती दोघं आवडायची. बापलेक एका डब्यात जेवायची आणि सामन्याआधी एकही शब्द बोलायची नाहीत.

रेश्माचे पाय त्या दिवशी खिळल्यासारखे बसत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं नजर वर ठेवली. एक गुण तिचा, एक अंकिताचा, मग परत एक रेश्माचा. मी खुर्चीत ताठ बसून ओरडत होते. शेवटची पंचवीस सेकंदं राहिली असतील. रेश्मा डाव्या बाजूला, लाल चौकोनावर बराच वेळ उड्या घेत उभी होती. अंकितानं तिला तिथनं हलवलं, स्वतः त्या जागी आली, डावा पाय रोवला आणि उजवी लाथ उचलली. लाथ सुंदर होती. बसली असती तर तीन गुण, आणि सामना तिचा.

डावा पाय रोवला होता तिथनं निसटला. पाय बाहेर गेला, गुडघा आत आला, आणि असा आवाज झाला की पहिल्या रांगेतल्या बायकांनी तोंडावर हात ठेवला. अंकिता ओरडली नाही. गुडघा धरून पडून राहिली आणि वडिलांकडं बघत राहिली.

पंचांनी घाम पडलाय म्हणून मॅट पुसायला सांगितलं. टेबलावरची एक कार्यकर्ती पांढरा टॉवेल घेऊन आली, तिनं त्या चौकोनावरनं तो दोनदा फिरवला आणि घडी करून जायला लागली. ती माझ्या समोरनं गेली. टॉवेल तांबूस झाला होता. लाल मॅटवर ते कुणाला दिसलं नाही, टॉवेलवर मला दिसलं. रेश्माच्या ओल्या तळव्याला माती चिकटून बसली होती, पण झिजलेल्या मॅटवर जी सांडली ती अंकिताच्या कोरड्या पायाखाली कॅरमच्या पावडरीसारखी झाली. हे मला त्या एका क्षणात कळलं. फरशीमॅडम ना मी!

अंकिता उठू शकली नाही. पंचांनी रेश्माचा हात वर केला. मी उठून टाळ्या वाजवल्या.

गावात गुलाल उधळला, चौकात फ्लेक्स लागला. त्याच्यावर रेश्माच्या शेजारी माझाही फोटो होता, हाताची घडी घालून. कुणीतरी फायनलचा व्हिडिओ क्लासच्या ग्रुपवर टाकला. मी तो किती वेळा बघितला त्याला गणती नाही. पाय रोवला, पाय निसटला. पोरगी काहीही चुकली नव्हती. आठव्या दिवशी कळलं की तिच्या गुडघ्यातले बंध तुटलेत, कराडला ऑपरेशन झालं, आणि वर्षभर तरी ती मॅटवर उभी राहणार नाही.

मी आबांना सांगितलं. मला वाटलं, मातीचा माणूस, मातीचीच बाजू घेईल. आबा तालमीच्या पायरीवर बसून ऐकत होते.

"गादीवर माती नेलीस?" ते म्हणाले. कुस्तीतल्या मॅटला आबा गादी म्हणतात.

"पायाला लावली आबा. पोरीचा पाय सरकत हुता."

"आगं, आमी गादीवर चढायच्या आदी पाय धुऊन घ्यायचो. पंच तळवं उचलून बगायचा. गादीवर माती पडली तर दुसऱ्याचा पाय जातोय, ह्ये बारकं पोरगंबी सांगंल. तुला म्हाईत न्हवतं?"

मला न्हवतं माहीत, असं म्हणता येत नव्हतं.

"आन आखाड्यात आमी माती समोरच्यालाबी लावायचो. दोगांस्नी सारकी. तू येकीलाच लावलीस." एवढं बोलून ते उठले. त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी जेवणापुरतंच बोलले.

मी स्वतःची समजूत घालायचे कमी प्रयत्न केले नाहीत. मॅट झिजलेलेच होते. अंकिता तशीही पडली असती. खेळात लागायचंच. सांगून तिचा गुडघा बरा होणार आहे का? सांगितलं तर रेश्माची राज्याची जागा जाणार, माझं कोचचं कार्ड जाणार, आणि चाळीस पोरींचा क्लास बंद पडणार. ही सगळी कारणं खरी होती, आणि एकही पुरत नव्हतं.

दरम्यान रेश्मा क्लासला यायची बंद झाली. राज्याची स्पर्धा तीन आठवड्यांवर आलेली, आणि पोरगी घरात. तिची आई म्हणाली, डोकं दुखतंय म्हणती. मी तिच्या घरी गेले. ती गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होती. मला बघून तिनं हातातली पेंढी खाली ठेवली.

"मॅडम, मी पाय नीट झटकलं न्हवतं."

"काय?"

"तुमी माती लावली आन झटक म्हनलासा. मी नीट झटकली न्हाई. घाई केली. त्येच्यामुळं ती पडली." ती रडत नव्हती, पाठ केल्यासारखं बोलत होती. पंधरा दिवस तिनं हेच मनात घोळवलं असणार.

"आगं, झटकली मी होती. लावलीही मीच. तू विचारलंस चालतं का, मी चालतं म्हटलं. तुझा ह्यात काय दोष?"

"पाय माझंच हुतं की."

मला एकदम संताप आला, आणि तो कुणावर काढावा तेच कळेना. मी केलेलं या पोरीनं आपल्या अंगावर घेतलं होतं आणि मी घरात बसून व्हिडिओ बघत होते. मी तिला सरळ विचारलं, "मी सांगून टाकू का? सांगितलं तर तुझी राज्याची जागा जाईल. खाकीचं काय होईल मला सांगता यायचं नाही."

ती म्हशीच्या पाठीवर हात फिरवायला लागली. तिचं तोंड वाकडं झालं. "मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "पर तुमी सांगा मॅडम. मी दोनदा अंकिताला फोन लावला. माझ्या तोंडातनं निगतच न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी कोयनानगरला गेले. कराडपर्यंत एक एस.टी., तिथनं पाटणवरनं दुसरी. रस्ता वळणावळणाचा. काय बोलायचं ते मी मनात पंचवीस वेळा जुळवलं. ते शिव्या देतील, दार लावतील, संघटनेला कळवतील. जे होईल ते ऐकून घ्यायचं, मधे बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

उदयसिंहांनी दार उघडलं आणि मला बघून त्यांना आनंदच झाला. तो मला सोसवेना. "मॅडम, तुमी येवढ्या लांबनं आलासा. बाकी कुणीबी आलं न्हाई बगा." अंकिता कॉटवर बसली होती, पाय उशीवर, मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा. पोरगी निम्मी झाली होती. तिनं बसल्या बसल्याच वाकून नमस्कार केला. चहा आला. तिच्या आईनं पोह्यांचं विचारलं, मी नको म्हटलं.

"गुडघ्याचं हुईल बरं," उदयसिंह म्हणाले. "पर कराटे आता बास. मीच ठरवलंय. आवं, सपाट जाग्यावर, काय नसताना पाय सरकला तिचा. मी व्हिडिओ बगितला, धा वेळा बगितला. पायच चुकीचा टाकला. आट वर्सं शिकवलं मी हिला, आन येवढं साधं पाऊल... माझंच शिकवनं कमी पडलं."

अंकिता खाली बघत होती. वडील बोलत होते तोवर ती चादरीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. मग एकाएकी माझ्याकडं वळून म्हणाली, "मॅडम, एक इचारू? रेश्मा त्याच जागी हुबी हुती. तिचा पाय कसा काय नाय सरकला? तुमी तिला काय शिकवलंय? मी लय इचार केला. वजन पुढं ठिवलं हुतं, टाच उचलली हुती, समदं पप्पांनी सांगितलेलं केलं. मग माझं चुकलं कुठं?"

जुळवलेलं सगळं मी विसरले. "तुझं कुठंच चुकलं नाही," मी म्हटलं. "मी रेश्माच्या तळव्यांना आखाड्यातली माती चोळली होती. फायनलच्या आधी, बोळात. ती मॅटवर सांडली. तुझा पाय तिच्यावर पडला. रेश्मानं मला विचारलं होतं चालतं का, मी खोटं सांगितलं. नियम मला माहीत होता. टॉवेल तांबडा झालेला मी बघितला आणि तरी टाळ्या वाजवल्या."

उदयसिंहांनी हातातला कप खाली ठेवला, तो बशीत बसला नाही, चहा सांडला. स्वयंपाकघरातनं आई दारात येऊन उभी राहिली. मी मान खाली घालून वाट बघत होते.

"म्हंजी माझा पाय चुकला न्हवता?" अंकितानं विचारलं.

मी वर बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. मी राग शोधत होते, तो असता तर बरं झालं असतं. "नाही," मी म्हटलं.

"बरोबर पडला हुता?"

"एकदम बरोबर."

"पप्पा!" ती ओरडली. कॉटवरनं उठायला गेली, गुडघ्यातनं कळ आली तशी परत बसली, आणि हसत-रडत वडिलांची बाही ओढायला लागली. "पप्पा, ऐकलं का? माझं बरोबर हुतं! मी तुमास्नी म्हनत हुते का न्हाई? बरोबरच टाकला हुता!"

उदयसिंहांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडं न बघताच त्यांनी खिशातला मोबाइल काढला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि माझ्यासमोर धरला. "मॅडम," ते म्हणाले, "आता म्हनलासा ते परत एकदा सांगा. नाव, गाव, पैल्यापास्नं."

मी पहिल्यापासून सांगितलं. नाव, गाव, पुडी, बोळ, टॉवेल. पुरं एक मिनिटसुद्धा लागलं नाही. शेवटी मी म्हटलं की अंकिताचा पाय बरोबर पडला होता, तेव्हा अंकितानं हात वर करून मला थांबवलं.

"ते परत म्हना," ती म्हणाली.

मी परत म्हटलं. तिनं आणखी एकदा म्हणायला लावलं, आणि मी म्हणत असताना ती डोळे मिटून ऐकत राहिली.